माहिती पाठ आहे, मग खाट भिंतीकडे का?

एचआयव्ही कसा पसरतो, हे विदर्भातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारा. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आईकडून बाळाला. चारही उत्तरं घडाघडा येतील. कशाने पसरत नाही, तेही येईल: हात मिळवून नाही, एका ताटात जेवून नाही, डास चावून नाही. प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर जी प्रश्नपत्रिका भरून घेतात, तीत ही मंडळी चांगले मार्क मिळवतात. आणि त्याच आठवड्यात बाळंतपणाला आलेल्या पॉझिटिव्ह बाईची खाट वॉर्डाच्या टोकाला, भिंतीला लावलेली असते. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाची खूण असते. सिझरची वेळ आली की ‘इथे सोय नाही, नागपूरला न्या’ असं नातेवाइकांना सांगून मोकळं होतात.

म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना एचआयव्हीचं शिक्षण देणं अवघड का, या प्रश्नाला ‘त्यांना माहिती नसते’ हे उत्तर पुरत नाही. माहिती बऱ्यापैकी असते. ती हातापर्यंत पोचत नाही. आणि का पोचत नाही, हे बघायला प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसून उपयोग नाही, वॉर्डातच जावं लागतं.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा बाहेरून आलेले लोक विचारत होते, मास्क आणि हातमोजे का नाही घातले? घालायचे असतात हे शिवारात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, रोजाने फवारणाऱ्या माणसाला ते कुणी दिलेच नव्हते. दवाखान्यातलं गणित फार वेगळं नाही.

भीती केवढी, धोका केवढा

आधी आकडे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्ग होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारात ती फार तर दोन टक्क्यांच्या आसपास. आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका ६ ते ३० टक्के. वॉर्डात कशाला घाबरायचंच असेल तर ते हिपॅटायटिस बीला, आणि त्याची लस उपलब्ध आहे. पण हिपॅटायटिस बीच्या पेशंटची खाट कुणी भिंतीकडे सरकवत नाही. त्या आजाराला कुणी चारित्र्य चिकटवलेलं नाही, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणात सांगतात, पण तिच्यातलं तर्कशास्त्र उलगडून दाखवत नाहीत. नियम असा आहे की रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामात, प्रत्येक पेशंटला संसर्ग असू शकतो असं धरूनच काळजी घ्यायची. मोजे, हात धुणं, सुईला पुन्हा टोपण न लावणं, सुई थेट भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकणं. सगळ्यांसाठी सारखंच. हा नियम दयेपोटी केलेला नाही. संसर्ग झाल्यानंतर पहिले काही आठवडे रॅपिड टेस्ट निगेटिव्हच येऊ शकते आणि नेमका त्याच काळात रक्तात विषाणू सर्वाधिक असतो. शिवाय कित्येकांची तपासणी झालेलीच नसते. उलट जिच्या केसपेपरवर लाल खूण आहे ती बाई बहुधा उपचारावर असते, रोज गोळी घेते, तिच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालेला असतो. तिच्यासाठी मोज्यांच्या दोन जोड्या आणि शेजारच्या ‘चांगल्या घरच्या’ बाईला टाके घालताना एकही नाही, ही काळजी नव्हे. यात पॉझिटिव्ह बाईचा अपमान होतो आणि सिस्टरचा जीव दुसऱ्याच खाटेजवळ धोक्यात पडतो.

मला विचाराल तर प्रशिक्षणाचा निम्मा वेळ या एका मुद्द्यावर घालवावा. कुणाला एचआयव्ही आहे हे कळल्याने सिस्टर सुरक्षित होत नाही. कुणालाही असू शकतो असं धरून वागली तर होते. बाकीचा अभ्यासक्रम यानंतर.

सुई टोचल्यावर रात्री दीड वाजता

सुई टोचलीच तर काय करायचं हे ठरलेलं आहे. जखम दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच चोळायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं. मग संसर्ग रोखणारी औषधं सुरू करायची, शक्यतो दोन तासांत. ७२ तास उलटून गेले तर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा.

आता ग्रामीण रुग्णालयातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. बाळंतपणाची खोली, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच ट्यूब. टाके घालताना सिस्टरच्या तर्जनीत सुई जाते. औषधाची बाटली दवाखान्यात आहे, स्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंदही आहे. पण ती फार्मसीच्या कपाटात, आणि चावी ज्यांच्याकडे ते संध्याकाळीच घरी गेलेले. डॉक्टर क्वार्टरवर. फोन केला तर म्हणतात, सकाळी बघू. सकाळपर्यंत ७२ तास होत नाहीत हे खरं, पण दोन तास कधीच होऊन गेलेले असतात. आणि सकाळपर्यंत सिस्टरचा विचार बदललेला असतो.

तो का बदलतो? औषध सुरू करायचं तर तिची स्वतःचीही एचआयव्ही तपासणी करायची असते. ती करणार त्याच दवाखान्यातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जो दुपारी तिच्याबरोबर डबा खातो. घटनेची नोंद रजिस्टरमध्ये होणार. महिनाभर गोळ्या खाताना घरी विचारतील, कशाच्या? नवऱ्याला काय सांगायचं, सासूला काय सांगायचं? त्यापेक्षा बोट धुवायचं, पट्टी बांधायची आणि गप्प बसायचं. सुई टोचल्याच्या किती घटनांची नोंद होत नाही, हे म्हणूनच कुणाला सांगता येत नाही. प्रशिक्षणात ‘दोन तासांत औषध’ हे वाक्य स्लाइडवर येतं. चावीचा आणि सासूचा विषय त्या स्लाइडवर नसतो.

यादीत नाव कुणाचं?

प्रशिक्षणाचं पत्र येतं तेव्हा वैद्यकीय अधिकारी, स्टाफ नर्स, तंत्रज्ञ, समुपदेशक यांची नावं जातात. एका ग्रामीण रुग्णालयात सफाईच्या मावशींना विचारलं, “मावशी, हे खाट इकडे काऊन लावली?”

“मंग कुठं लावू जी? त्या बाईजवळ दुसरी बाळंतीण नको म्हणे.”

“तुम्हाला कोणी ट्रेनिंग दिलं का याचं?”

“आमाले कोन देते ट्रेनिंग? आमी त ठेक्यावरचे.”

त्यांच्या हातात एकावर एक असे दोन मोजे होते, वरचा अंगठ्यापाशी फाटलेला. त्याच हातांनी त्या कचऱ्याची पिवळी पिशवी उचलत होत्या आणि पिशवीच्या बुडातून सुईचं टोक बाहेर आलेलं होतं. ती सुई पांढऱ्या डब्यात जायला हवी होती. टाकणाऱ्याला ते माहीत होतं, त्याचं प्रशिक्षण झालेलं होतं. टोचणार होती मावशींना. शिकलेल्याच्या आळसाची किंमत न शिकवलेल्याने मोजायची, असा हा हिशेब. आणि वॉर्डात कुजबूज पसरते तीही इथूनच, म्हणजे मावशी, आया, शिपाई, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर यांच्याकडून. त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो. त्यांच्याशी या विषयावर कुणी कधी नीट बोललेलंच नसतं.

ज्यांना बोलावलं जातं त्यांची अडचण निराळी. आज तिशी-पस्तिशीत असलेली सिस्टर शाळेत होती तेव्हा भिंतीवर कवटीचं चित्र असायचं आणि १ डिसेंबरच्या रॅलीत ‘एड्स म्हणजे मरण’ अशा घोषणा व्हायच्या. मनात पहिलं ज्ञान ते बसलं. पुढे शास्त्र धावत राहिलं. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातले पहिले रुग्ण शोधले ते १९८६ साली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर मोफत औषधं मिळू लागली. तेव्हा रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, २०० च्या खाली गेल्या तरच औषध सुरू व्हायचं. मग ही मर्यादा ३५० झाली, पुढे ५००, आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार, पेशी कितीही असोत. जुन्या औषधांनी पायात मुंग्या यायच्या, गाल बसायचे, रक्त कमी व्हायचं. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी, तिच्यात तीन औषधं: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर.

ज्याने २००८ साली प्रशिक्षण घेतलं आणि नंतर काही ऐकलं नाही, तो आजही पेशंटला ‘पेशी कमी झाल्या की या’ असं सांगू शकतो. चुकीचं शिकला म्हणून नव्हे, त्या वेळी बरोबर होतं तेच शिकला म्हणून.

याहून अवघड आहे ते एक नवं सत्य सांगणं. नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली गेला आणि तिथेच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. युरोपातल्या जोडप्यांवरच्या मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले. निरोध न वापरता हजारो वेळा संबंध येऊनही उपचारावरच्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झाल्याचं आढळलं नाही. हे आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असलं तरी पेशंटला सांगायला ते कचरतात. सांगितलं तर लोक निरोध फेकून देतील, मोकाट सुटतील, ही भीती. मला ती पटत नाही. गोळी रोज का घ्यायची याचं याहून मोठं कारण एखाद्या नवऱ्याला किंवा बायकोला दुसरं देता येईल का?

कॅल्शियमची गोळी

प्रशिक्षणं आपापल्या डब्यांत कशी बंद असतात, याचं एक उदाहरण मला नेहमी छळतं. गावात गरोदर बाईला नर्सबाई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. सगळ्यांना देतात, द्यायलाच हव्यात, विदर्भात बायकांच्या अंगात रक्त किती कमी असतं हे वेगळं सांगायला नको. आता यातली एखादी बाई पॉझिटिव्ह असेल तर तिची डोल्युटेग्राव्हिरची गोळी जिल्ह्याच्या एआरटी केंद्रावरून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावरून येते. उपाशीपोटी लोह किंवा कॅल्शियमबरोबर ती घेतली तर अंगी नीट लागत नाही. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या, नाही तर डोल्युटेग्राव्हिर लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी.

सोपी गोष्ट आहे. पण ती सांगायची कुणी? एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला माता-बाल आरोग्याचं प्रशिक्षण क्वचित मिळतं. नर्सबाईंना ते मिळतं, पण त्यात एचआयव्हीच्या गोळीचं नाव नसतं. आणि नर्सबाईंना ही बाई पॉझिटिव्ह आहे हे बहुधा माहीतच नसतं. तिच्या परवानगीशिवाय कळवायचं नाही असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मग उपाय काय? नर्सबाईंनी सगळ्याच गरोदर बायांना विचारायचं: “ताई, आणखी कुठली गोळी रोज घेता का? असेल तर दोन्ही जेवताना घ्या.” आजाराचं नावही काढावं लागत नाही. असं एक वाक्य शिकवायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढ्यासाठी दोन विभागांनी एकत्र बसावं लागतं.

क्षयाचंही असंच. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वाधिक बळी क्षयरोग घेतो, म्हणून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करतात. पण क्षयावरचं रिफाम्पिसिन शरीरातलं डोल्युटेग्राव्हिर लवकर संपवतं, त्यामुळे दिवसात डोल्युटेग्राव्हिरचा आणखी एक डोस द्यावा लागतो. क्षयाच्या गोळ्या घरपोच देणाऱ्या आशाताईंना संध्याकाळची ही जास्तीची गोळी कशासाठी आहे हे कळलं नाही, तर ‘एकच बास’ म्हणून ती बंद होऊ शकते.

बाळाच्या बाबतीत आजीशी गाठ असते. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. आईला वेळेवर उपचार, बाळाला जन्मल्याबरोबर औषध आणि दूध पाजण्याची योग्य पद्धत, एवढ्याने ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. अनेक ठिकाणी अजून ‘अंगावरचं पाजू नको’ असा सल्ला देतात. आता सांगायचं ते हे: उपचारावरच्या आईने पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं पाजावं. निव्वळ म्हणजे त्यात बाळगुटी नाही, मध नाही, वरचं पाणी नाही. धोका वाढतो तो अंगावरचं आणि वरचं एकत्र केल्याने. हे आईला पटतं. पटवायचं असतं सहाणेवर गुटी उगाळत बसलेल्या आजीला, आणि कारण न सांगता. हे कुठल्या स्लाइडने शिकवणार? एखाद्या मुरलेल्या नर्सबाईंना समोर बसवून, ‘तुम्ही आजीला काय म्हणाल?’ असं विचारत, संवाद म्हणून करून बघितलं तरच जमतं.

ओळखीचं गाव

शहरात गुप्तता पाळणं म्हणजे तोंड बंद ठेवणं. खेड्यात तेवढ्याने भागत नाही. तपासणीच्या खोलीबाहेर ‘आयसीटीसी’, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र, अशी पाटी असते आणि त्या दारातून कोण आत गेलं हे बसस्टँडपर्यंत पोचतं. तंत्रज्ञ पेशंटच्या गावचा, आशाताई चुलत जाऊ, शिपाई भाऊबंद. म्हणून मारेगावचा माणूस वणीला तपासायला जातो आणि वणीचा चंद्रपूरला. कर्मचाऱ्यांना ‘गोपनीयता ठेवा’ सांगणं सोपं आहे. पण चुलत जावेने चुलीपाशी बसून ‘तिचं काय निघालं व बाई?’ विचारलं तर काय उत्तर द्यायचं, याचा सराव कुणी करून घेत नाही.

अंतर आणि भाषा यांबद्दल थोडक्यात. भामरागड किंवा धारणीच्या सिस्टरला जिल्ह्याला प्रशिक्षणाला यायचं तर आख्खा दिवस प्रवासात जातो, मागे उपकेंद्राला कुलूप. ऑनलाइन कोर्स आहेत, पण रेंज शोधत टेकडीवर उभं राहून कुणी व्हिडिओ बघत नाही. स्लाइड इंग्रजीत, बोलणारा हिंदी-मराठीत आणि पेशंट माडिया किंवा कोरकू बोलणारा. या साखळीत ‘विषाणू’ आणि ‘संमती’ हे दोन शब्द कुठे गळून पडतात कळत नाही.

शिवाय संख्येचा प्रश्न आहे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहेत. तरी प्रौढांमधलं देशाचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास. लहान केंद्रावर महिनोन् महिने असा पेशंट येतच नाही. जे हाताखालून जात नाही ते विसरतं. मग हे काम म्हणजे ‘आयसीटीसीवाल्यांचं’ असं ठरून जातं. ते समुपदेशक कंत्राटी, त्यांनी नोकरी सोडली की दवाखान्यातलं निम्मं ज्ञान त्यांच्या पिशवीतून निघून जातं.

कायदा आणि तालुक्याचं नर्सिंग होम

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही, उपचारात भेदभाव नाही, हे त्यातले पेशंटचे हक्क बहुतेकांनी ऐकलेले असतात. त्याच कायद्यात कर्मचाऱ्याचेही हक्क आहेत, ते मात्र कमी जणांना माहीत असतात. संरक्षक साधनं, ती वापरायचं प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास औषध पुरवणं, ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. फार्मसीची चावी रात्री जागेवर नसणं हा म्हणजे नुसता गलथानपणा राहत नाही. प्रशिक्षणाची सुरुवात या कलमापासून केली तर समोरची सिस्टर सावरून बसेल असं वाटतं, कारण पहिल्यांदा कुणीतरी तिच्या जिवाबद्दल बोलत असतं.

हा कायदा खासगी दवाखान्यांनाही लागू आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तालुक्याच्या बहुतेक नर्सिंग होममध्ये वीस माणसं नसतात. भेदभावाची मनाई तिथेही आहे, फक्त आतल्या आत तक्रार ऐकायला कुणी नेमलेलं नसतं. तिथल्या मुली बऱ्याचदा नर्सिंग न शिकता, डॉक्टरांच्या हाताखाली काम करत तयार झालेल्या असतात. ऑपरेशनआधी सगळ्यांचं रक्त न विचारता एचआयव्हीसाठी पाठवायचं आणि पॉझिटिव्ह आलं की रेफर करायचं, ही पद्धत त्या ‘असंच असतं’ म्हणून शिकतात. सरकारी प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं येण्याचं काही कारणच नाही, कारण त्या कुणाच्याच आस्थापनेवर नाहीत.

त्यांना बोलवायचं तर जिल्ह्याचा हॉल आणि सकाळी दहाची वेळ सोडावी लागेल. तालुक्यातल्याच एखाद्या दवाखान्यात, दुपारी तीन ते पाच. त्या वेळी सकाळची ओपीडी संपलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते.